स्वस्तातली इंजिनिअर

आईला सलाईन लावल्यावर थोरली दवाखान्यातून घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. नळ सोडला, काचेच्या ग्लासात पाणी धरलं, उजेडासमोर नेलं, मग नाकाशी. आणि ग्लास ओट्यावर असा आपटला की बाहेर पेपर वाचत बसलेले बाबा दचकले.

"काय झालं?"

"पाण्याला वास येतोय."

"मला नाही येत."

"तुम्हाला सर्दी आहे, बाबा. आणि हा वास मी रोज घेते. पगारच मिळतो मला त्याचा."

बाबांनी पेपरची घडी घातली आणि फोन शोधू लागले. "थांब, धाकट्याला विचारतो. तो सांगेल नीट. शिकलाय तो त्यातलं."

"आणि मी काय चार वर्षं गवत उपटत होते?"

 बाबांनी तरीही फोन लावलाच.

गंमत अशी की दोघा भावंडांची पदवी एकच होती. पर्यावरण अभियांत्रिकी. फरक होता तो किमतीत. थोरली बारावी झाली तेव्हा बाबांनी एवढंच म्हटलं होतं, "स्वस्तातलं बघ." तिनं बघितलं. सरकारी कॉलेज, भिंतींना ओल, वसतिगृहाच्या खाटा करकरणाऱ्या, आणि प्रवेश घ्यायला फारसं कुणी येत नाही अशी ही शाखा. नातेवाइकांत हसू झालं. "एवढं शिकून गटारात उतरणार म्हणे!" बाबाही त्या हसण्यात सामील होते. मग दोन वर्षांनी धाकट्यानं तीच शाखा मागितली. तोवर वर्तमानपत्रांत या कामाला फार मोठं भविष्य आहे असं छापून यायला लागलं होतं. बाबांनी आपलं चष्म्याचं दुकान मधोमध कापलं, रस्त्यावरचा दर्शनी भाग विकला आणि मुलाला काचेच्या इमारतीत घातलं. त्या कॉलेजात कारंजं होतं. प्रवेशाच्या दिवशी पालकांना मऊ खुर्च्या आणि चकचकीत माहितीपुस्तक मिळालं. तेव्हापासून बाबा दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भागात बसून दुनियेचे नंबर काढत होते. दुसऱ्याची नजर तपासण्यात आयुष्य गेलं त्यांचं. स्वतःच्या घरातलं मात्र दिसलं नाही.

आता थोरली शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर होती. धाकटा एका मोठ्या सल्लागार कंपनीत होता आणि टाय लावून फिरत होता. आणि बाबा अजूनही पाण्याचं काही निघालं की धाकट्यालाच फोन लावत होते.

धाकटा फोनवर म्हणाला, "वसाहतीचं शुद्धीकरण यंत्र आमच्याच कंपनीनं तपासलंय, बाबा. सगळं ठीक आहे. आईनं बाहेरचं काही खाल्लं असेल."

थोरलीनं फोन हिसकावून घेतला. "आई गेल्या आठवड्यात घराबाहेर पडलेली नाही. आणि समोरच्या इमारतीतली तीन लेकरं त्याच दवाखान्यात आहेत. त्यांनी पण बाहेरचंच खाल्लं का?"

"ताई, तू लगेच चिडतेस."

"हो. चिडते. आई सलाईनवर आहे."

फोन ठेवून तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. त्यातले दोन-चार थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं पडतं. नसेल तर तसंच राहतं. वसाहतीच्या जमिनीखालच्या टाकीतलं पाणी तिनं झाकण उचलून आणलं. थेंब टाकले, छान पिवळं झालं. मग घरच्या नळाचं पाणी घेतलं. थेंब टाकले. काही झालं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा टाकले. पाणी जसंच्या तसं.

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे खालच्या टाकीत चांगलं पाणी येतंय आणि आपल्या नळाला येईपर्यंत त्यात काहीतरी घाण मिसळतेय. वाटेत."

वसाहतीत दोन वेगळे नळ होते. एक पिण्याच्या पाण्याचा. दुसरा, सगळ्यांच्या संडास-न्हाणीतलं पाणी यंत्रातून काढून पुन्हा फक्त फ्लशला आणि बागेला द्यायचा. या दोन पाण्यांनी एकमेकांचं तोंडही पाहायचं नसतं. तिच्या नोकरीत हा पहिला धडा. आणि दोन्ही पाण्यांचे पंप एकाच खोलीत होते. त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे.

सेक्रेटरी म्हणजे वसाहतीचा कारभार पाहणारा गृहस्थ. मिशीला पीळ, बोलण्यात लोणी. त्यानं थोरलीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, किल्ली प्लंबरकडे आहे. प्लंबर गावाला गेलाय."

"मग कुलूप तोडा."

"असं कसं? आणि तुम्ही कृपा करून हे दारोदार सांगू नका. लोक घाबरतील. फ्लॅटचे भाव पडतील."

"लेकरं आडवी पडलीत, आणि तुम्हाला भावांची पडलीय?"

"तुमच्या भावाच्याच कंपनीनं पास केलंय सगळं! घरातच विचारा ना." सेक्रेटरी हसला. "तेही तुमच्यातलेच. जरा मोठ्या कॉलेजातले."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथून निघाली आणि तिनं नेमकं तेच केलं जे करू नका असं सेक्रेटरीनं सांगितलं होतं. प्रत्येक दार वाजवलं. "नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही घेऊ नका, बाहेरून आणा." काहींनी ऐकलं. काहींनी दाराच्या फटीतूनच विचारलं, "तुम्ही कोण सांगणार?" एका घरात एक गृहस्थ म्हणाले, "तुमचे बंधू आले तर पाठवा, त्यांच्याशी बोलतो." त्या दारासमोर ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "तो येईपर्यंत तहान लागली तर खुशाल प्या," आणि पुढचं दार वाजवलं.

संध्याकाळी दवाखान्यात आईच्या उशाशी बसल्यावर तिला कॉलेजातल्या एका बाईंची आठवण झाली. मुलं त्यांना गाळवाल्या मॅडम म्हणत. त्यांच्या वर्गात फळ्यापेक्षा चिखल जास्त. कॉलेजला स्वतःचं सांडपाण्याचं जुनं केंद्र होतं, आणि ते चालवायला माणसं ठेवायला पैसे नव्हते, म्हणून मुलांनीच चालवायचं. पंप बिघडला तर मुलांनीच उघडायचा. घरी जाताना बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसायचा, इतका वास. थोरली तेव्हा रडायची. एकदा आवारातल्या तळ्यातले मासे मेले आणि आमचं घाण पाणी तिकडे जात नाही म्हणत प्रत्येक खात्यानं कानांवर हात ठेवले. मॅडमनी मुलांकडून एकेका इमारतीच्या संडासात हिरवा रंग टाकवला. प्राचार्यांच्या बंगल्याची पाळी आली त्या दुपारी तळं पोपटासारखं हिरवं झालं. मॅडम हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वास आला की लोक नाक धरतात आणि भांडतात. डोळ्यांना दिसलं की गप्प बसतात."

तो रंग तिच्या केंद्रावर होता. गळती शोधायला वापरत. अंगाला अपाय नाही, पण चिमूटभर टाकला तरी हौदभर पाणी रंगतं. साहेबांना सांगून तिनं डबा घरी आणला.

रविवारी सकाळी, बागेला पाणी सोडायच्या आधी, तिनं बागेतलं लोखंडी झाकण उचललं. खाली फ्लशच्या पाण्याची टाकी. तिनं रंग ओतला. मग प्रत्येक इमारतीच्या दाराशी कागद चिकटवला: आज फ्लशला हिरवं पाणी येईल, घाबरू नका, ते ठीक आहे, स्वयंपाकघराच्या नळाला आलं तर खाली सभागृहात या.

सभा सेक्रेटरीनंच बोलावली होती. त्याला थोरलीचं तोंड बंद करायचं होतं आणि त्यासाठी त्यानं धाकट्यालाच आणलं होतं. धाकटा कडक इस्त्रीच्या शर्टात पुढच्या खुर्चीवर बसला होता. बहिणीकडे बघत नव्हता. बाबा मागे, खांबाजवळ.

"आमच्या तपासणीत," धाकटा उभा राहून म्हणाला, "सगळी मानकं पाळलेली आढळली. दोन्ही नळ पूर्ण वेगळे आहेत. काळजीचं कारण नाही."

"दोन्ही नळ वेगळे आहेत ते तू पाहिलंस?" थोरलीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"तपासणीत पाहिलं जातं."

"जातं म्हणजे कोण पाहतं? पंपाच्या खोलीत किती पंप आहेत?"

धाकट्यानं हातातला कागद चाळला.

"कागदात नको बघू. तू आत गेलास ना? दाराच्या डाव्या हाताला काय आहे?"

धाकटा कागदच चाळत राहिला. सभागृहात खुर्च्या करकरल्या. सेक्रेटरी मध्ये पडला, "मॅडम, ही तोंडी परीक्षा नाही! आणि तुमचा तो रंग! सकाळपासून लोकांच्या संडासात हिरवं पाणी. बायका घाबरल्या. हे तुम्हाला शोभतं?"

"फ्लशला हिरवं यायलाच हवं. तिथंच यायला हवं."

"मग झालं तर! तिथंच आलंय! तुमचाच प्रयोग तुमच्यावर उलटला." सेक्रेटरी लोकांकडे वळला. "याला म्हणतात हात दाखवून—"

वाक्य पुरं झालं नाही. सभागृहाच्या वरच्या मजल्यावर सेक्रेटरीचंच घर होतं. तिथल्या गॅलरीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असा: "अहो! अहो, वर या आधी! डाळ धुवायला नळ सोडला तर हिरवं पाणी येतंय!"

कुणीतरी हसलं. आणि मग कुणीच हसलं नाही. कारण प्रत्येकाला आपापलं स्वयंपाकघर आठवलं. एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. जिची लेकरं दवाखान्यात होती ती समोरच्या इमारतीतली आई उठली, सेक्रेटरीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किल्ली."

किल्ली त्याच्या खिशातच होती.

पंपाच्या खोलीत, विजेच्या पेटीमागे, दोन नळांच्या मध्ये एक नवाकोरा जोड दिसला. त्यावर एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद होता, पण नीट बसलेला नव्हता. बारीक फुसफुस चालू होती. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी कमी पडायला लागलं तेव्हा सेक्रेटरीनं प्लंबरकडून करून घेतलेली, फ्लशचं पाणी पिण्याच्या नळात सोडायची ही सोय.

"तुम्हीच ओरडत होतात ना?" सेक्रेटरी आता ओरडू लागला. "पाणी नाही, पाणी नाही, टँकर महाग पडतो म्हणून! तेव्हा कुणी विचारलं नाहीत पाणी आलं कुठून ते!"

चोराच्या उलट्या बोंबा, असं कुणीतरी म्हणालं. पण थोरली म्हणाली, "हे मात्र खरं बोलला. कुणीच विचारलं नाही." आणि लोकांकडे पाहून तिचा आवाज चढला. "नळ उघडला की पाणी यावं, साखळी ओढली की घाण जावी. कुठून येतं, कुठं जातं, कुणाला पडलेलं नसतं. आणि जे ते बघतात त्यांना तुम्ही गटारवाली म्हणता. कालपर्यंत दारातून हाकलत होतात मला. भाऊ आला तर पाठवा म्हणत होतात!"

दुपारी त्या जोडाचे तुकडे झाले. टाक्या रिकाम्या करून, धुऊन, क्लोरीन घालून पुन्हा भरायला संध्याकाळ झाली. सगळं तिनं उभं राहून करून घेतलं.

मग ती दवाखान्यात गेली. पायऱ्यांवर धाकटा बसला होता, मांडीवर आईच्या चहाचा थर्मास. जवळच्या बाकावर बाबा. थोरली त्यांना ओलांडून जात होती, पण गेली नाही.

"तू आला होतास का तपासायला? खरं सांग."

"नाही," धाकटा म्हणाला. "फोटो पाठवले होते सेक्रेटरीनं. ते पाहून सही केली. आमच्याकडे तसंच चालतं."

"उंटावरून शेळ्या हाकता होय रे? इथं राहतात आपले आई-बाप! निदान हे घर म्हणून तरी यायचं होतंस!"

"येऊन काय केलं असतं मी?"

"काय म्हणजे?"

धाकटा उठला. थर्मास घरंगळून दोन पायऱ्या खाली गेला. "आलो असतो तरी मला काही कळलं नसतं, ताई! तुला काय वाटतं, तिथं शिकवलं आम्हाला? प्रयोगशाळेला काचेचं दार होतं, आतली यंत्रं नवीकोरी, त्यांच्यावर प्लास्टिक. पाहुणे आले की कुलूप निघायचं. पाहुणे गेले की लागायचं. चार वर्षांत मी एकदाही झाकण उचललेलं नाही. पडद्यावर चित्रं दाखवायचे. परीक्षेत चित्रं काढली, पहिला वर्ग मिळाला. नोकरीत पण चित्रंच बघतोय!"

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला?" त्यानं बाकाकडे हात केला. "ह्यांना? अर्धं दुकान विकून घातलं होतं मला. सुट्टीत घरी आलो की विचारायचे, कसं आहे कॉलेज? काय सांगू? तिथं काही नाही, बाबा, नुसतं कारंजं आहे असं सांगू?"

 थोरलीला वाटलं आपला राग आता भावावरून उतरेल. उतरला नाही. तो आणखी पसरला. काचेच्या इमारतीवर गेला, त्या चकचकीत पुस्तकावर गेला, न बघता केलेल्या सहीवर गेला आणि अखेर बाकावर येऊन थांबला.

"बाबा, तुम्ही चष्मा विकता तेव्हा गिऱ्हाइकाला काच लावून बघायला देता ना? फ्रेम चकचकीत आहे म्हणून नंबर न तपासता देता का?"

"नाही," बाबा हळूच म्हणाले.

"मग लेकराचं कॉलेज घेताना आत जाऊन एक तरी झाकण का नाही उचललंत? याला महागातलं घेतलंत, मला स्वस्तातलं. दोन्ही वेळा फक्त किंमत बघितलीत. माझं नशीब की स्वस्तातलं खरं निघालं. नशीबच म्हणायचं. तुम्ही काही चांगलं म्हणून नव्हतं निवडलं माझ्यासाठी!"

शेजारून जाणारी नर्स थांबली. "जरा हळू. पेशंट झोपलेत."  धाकट्यानं खाली जाऊन थर्मास उचलला, हलवून पाहिला. आतली काच फुटली होती.

आई दोन दिवसांनी घरी आली. समोरची लेकरंही आली, त्यातलं धाकटं बरेच दिवस अशक्त होतं. सेक्रेटरीला लोकांनी काढलं. त्याच्यावर रीतसर तक्रार झाली. धाकट्यानं आपली सही मागे घेतली आणि आपण जागेवर गेलोच नव्हतो हे लिहून दिलं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीनं त्याला घरी बसवलं. सही करायला लावणारा त्याचा साहेब मात्र जागच्या जागी राहिला.

एका सकाळी धाकटा थोरलीच्या केंद्रावर येऊन उभा राहिला. "तुझ्याकडे काही काम असेल तर बघ ना."

"ओळखीनं नाही," ती म्हणाली. "शिकाऊ उमेदवारांची भरती निघते. सगळ्यांसारखा अर्ज कर. पगार तुझ्या जुन्या पगारापुढे काहीच नाही, आणि वास जाता जात नाही."

त्यानं अर्ज केला. तिच्या केंद्रावर नाही, शेजारच्या गावातल्या एका लहान केंद्रावर त्याला घेतलं. पहिल्याच आठवड्यात गाळाच्या टाकीत त्याचा बूट गेला. फोनवर तो सांगत होता आणि थोरली हसली नाही, पण फोनही लवकर ठेवला नाही. पंप कसा उघडायचा ते तिनं त्याला सांगितलं. शिव्या देतच सांगितलं.

आणि बाबा? बाबांनी आता नवाच सूर लावला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हिरव्या पाण्याची गोष्ट. "आमची थोरली हो! सरकारी कॉलेजातली. फी काही नाही आणि शिक्षण बघा!" एकदा थोरली दुकानात डबा द्यायला गेली तेव्हा तेच चाललं होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

"बाबा, माझी जाहिरात बंद करा."

"कौतुक करतोय तुझं."

"कौतुक नाही हे. सौदा स्वस्तात पडला म्हणून खूश आहात तुम्ही."

बाबांनी हातातली फ्रेम पुसायला घेतली. आधीच स्वच्छ होती ती. पुसत राहिले. आत उजेड कमी होता, दर्शनी भागात आता दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि तिथलं गाणं भिंतीतून ऐकू येत होतं.

"तुझ्या मामाचा फोन होता," बाबा म्हणाले. "त्याच्या मुलीला याच शाखेला जायचंय. कुठलं कॉलेज घ्यावं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, मला विचारू नकोस. थोरलीला विचार."

"मग?"

"मग काय. तुझा नंबर दिला."

थोरलीनं डबा टेबलावर ठेवला. "मामाला सांगा, कॉलेजचं चकचकीत पुस्तक वाचू नको. कामाच्या दिवशी, न कळवता जा. पोरांचे हात बघ. मळलेले दिसले तर घाल."

"हे तूच सांग त्याला. माझं आता कोण ऐकणार?" बाबा थांबले. मग फ्रेमकडेच बघत म्हणाले, "माझं चुकलं. तुझ्या बाबतीत. त्याच्यापेक्षा जास्त तुझ्या बाबतीत."

एवढी वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर शांत वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "भाजी गार होतेय." आणि केंद्रावर उशीर होतोय म्हणत ती निघाली. रस्त्यावर येऊन तिनं मामाला फोन लावला.